दुसरी हाक

दवाखान्यातले जुने पलंग विकत घ्यायचे, चाकं बदलायची, रंग मारायचा आणि पुन्हा विकायचे, असा माझा धंदा आहे. तुर्भ्याला गाळा आहे. कुठलं नर्सिंग होम बंद पडतंय असं कानावर आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे हजर असते. सुरुवातीला लोक मला भंगारवाली म्हणायचे, आता मॅडम म्हणतात. दोन्ही वेळा मी तीच बाई होते, त्यामुळे मला त्या मॅडमचं फारसं कौतुक नाही.

त्याआधी मी त्याच भागातल्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. घणसोली गावात दहा बाय दहाची भाड्याची खोली होती, नवरा मार्केटात माथाडी होता. त्याची पाठ गेली तेव्हा तो साताऱ्याकडे आपल्या गावी परतला. त्याला हे शहर मानवलं नव्हतं. मी मुलीला घेऊन इथेच राहिले. जे काही उभं केलं ते भाव करून उभं केलं. इतकी वर्षं हे मी मान ताठ करून सांगत आले.

जुन्या मालाच्या बाजारात भाव करण्याची एक रीत आहे. समोरच्याने आकडा सांगितला की हसायचं, मग आपला आकडा सांगायचा. तो नाही म्हणाला की उठायचं आणि चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. तो हाक मारतोच. पण पहिल्या हाकेला थांबायचं नाही, कारण तेव्हा त्याच्या मनात अजून त्याचाच आकडा असतो. दुसऱ्या हाकेला थांबायचं. तोवर माणूस खाली उतरलेला असतो. वीस वर्षं मी अशीच उठत आले आणि लोक मला परत बोलावत आले. एकदाच तसं झालं नाही. ते सांगायला बसले आहे.

मुलीच्या डोक्यात नर्सिंग कुठून शिरलं ते मला नेमकं माहीत आहे, कारण ते माझ्याच गाळ्यात शिरलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा फोन दिवसभर वाजत असे. दवाखान्यांत जागा नव्हती, लोक घरी पलंग मागत होते. शाळा बंद होती, ती दहावीला होती, मी तिला फोनवर बसवलं. काय विचारायचं ते शिकवलं होतं: पत्ता, मजला, लिफ्ट आहे का. ती विचारायची, पेशंटचं वय काय, जेवतात का, कुशीवर वळता येतं का.

"तू काय डॉक्टरीण आहेस का गं? मजला विचार, मजला!" मी ओरडायचे.

"आई, त्यांना वळता येत नसेल तर साधा पलंग देऊन काय उपयोग?"

तिचं बरोबर होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, पोरगी धंद्यात येणार. इतका उलटा अंदाज मी आयुष्यात कधी बांधला नव्हता.

लाट ओसरल्यावर नेरूळला एका घरी पलंग पोचवायला ती टेम्पोबरोबर गेली. तिथे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांची देखभाल करायला एक निवृत्त सिस्टर येत असत. रायगडच्या किनाऱ्याकडच्या मुसलमान घरातल्या, मोठ्या इस्पितळात मेट्रन होऊन रिटायर झालेल्या. पेशंटला न उठवता त्याच्या खालची चादर कशी बदलायची ते त्यांनी मुलीला दाखवलं. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने मला गादीवर झोपवलं आणि म्हणाली, "हं, कुशीवर हो. अंग सैल सोड."

"मी मेले नाही अजून."

"मेलेल्याला सोपं जातं, तूच आडमुठी आहेस."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चादर मात्र तिने बदलली, एक सुरकुती नाही.

बारावीच्या वर्षी त्याच सिस्टर आमच्या गाळ्यात आल्या आणि एका जुन्या बिलाच्या पाठीवर तिला नर्सिंगचे सगळे रस्ते लिहून दाखवले. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. मुलीचं म्हणणं वेगळंच होतं. तिला फक्त वॉर्डात काम करायचं नव्हतं. माणसं वॉर्डात येण्याच्या आधी काय करता येईल, ते तिला हवं होतं. लसी, बाळंतपणं, पाणी, साथी. दूरदूरच्या देशांत नर्सा हे काम करतात, त्याचे व्हिडिओ ती मला दाखवायची.

सिस्टर म्हणाल्या, "मग बीएस्सीच घे. मी जीएनएम केलं, वॉर्डात माझं काही अडलं नाही. पण तुला जिथे जायचंय तिथे आधी डिग्री विचारतात. बीएस्सीनंतर पब्लिक हेल्थचं एमपीएच कर. आधी हात शिकू देत, मग डोकं. नाहीतर माणूस नुसते कागद भरत बसतो."

मी हो म्हटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे सासरच्या माणसांत असं बोललं गेलं की तिने नर्स व्हावं असं मलाच वाटत नव्हतं. साफ खोटं आहे. मी स्वतः तिच्या सीईटीच्या क्लासची चौकशी केली, गाळ्यातला एक कोपरा मोकळा करून तिला टेबल लावून दिलं. ग्राइंडरचा आवाज नको म्हणून ती अभ्यासाला बसली की मी वेल्डरला चहाला पाठवायचे.

तिचा नंबर सरकारी यादीत थोडक्यात हुकला. प्रवेशाचे सगळे राउंड झाल्यावर ज्या कॉलेजांत जागा उरतात ती शेवटच्या दिवशी मुलांना आपल्याकडे बोलावून त्या जागा भरतात. पनवेलच्या बाजूला अशा एका कॉलेजात जागा होत्या. नाव लिहीत नाही. मेरिटनुसार नावं पुकारत होते. तीन मुली आल्याच नव्हत्या, त्यामुळे दुपारी साडेतीनला हिचं नाव आलं. नाव ऐकून ती इतक्या झटकन उठली की मांडीवरची फाइल खाली पडली.

टेबलामागे एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी मार्कशीट बघितली, फीचा छापील कागद पुढे केला. मग आवाज उतरवून म्हणाले, "याशिवाय विकास निधी आहे. तो वेगळा."

"पावती?"

"फीची मिळेल."

"निधीची?"

"मॅडम, मागे लोक उभे आहेत. पटकन बोला."

मी हसले. ते हसू मला माहीत आहे, ते आपोआप येतं. मी म्हटलं, "निधी निम्मा करा आणि पावती द्या."

"इथे असं नसतं, मॅडम."

"सगळीकडे असंच असतं."

"घ्यायची तर सही करा, नाहीतर पुढचं नाव पुकारतो."

मी सर्टिफिकेटं गोळा करून फाइलमध्ये घातली. टेबलाखाली मुलीने माझी ओढणी घट्ट धरली होती. "आई, नको ना."

"गप. बघत राहा फक्त."

आणि मी उठले. मागे न बघता बाहेर आले; मुलगी आतच थांबली. फाटकाशी उसाच्या रसाची गाडी होती, तिच्या बाकड्यावर बसले आणि दोन रस सांगितले. पंखा नव्हता, घाम गळत होता, पण मी अगदी निवांत होते. माझ्या हिशेबाने सगळं ठीक चाललं होतं. दिवस संपत आला होता, त्यांची सीट रिकामी राहिली तर नुकसान त्यांचं. असा माल कोणी हातचा घालवत नाही.

सात-आठ मिनिटांत मुलगी धावत बाहेर आली.

"आई, सर विचारतायत, येताय का. पुढच्या नंबरची मुलगी आलीये, तिचे वडीलपण आहेत. चल लवकर."

"सर काय म्हणाले? शब्दाला शब्द सांग."

"म्हणाले, आईला बोलाव, मी थांबत नाही."

बाजारात हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं. मी थांबत नाही म्हणणारा प्रत्येक जण थांबला होता. मी म्हटलं, "म्हणजे उतरतोय. ही पहिली झाली. बस, रस पी."

"आई, ते कॉलेज आहे."

"तुला काय कळतं यातलं? बस खाली."

ती बसली. ग्लास दोन्ही हातांत धरून बसली, पण तोंडाला लावला नाही. मी म्हटलं, "पी की गं, पैसे दिलेत." मग ती प्यायली. एका दमात, औषध घ्यावं तशी. आणि फाटकाकडे बघत राहिली.

दुसऱ्यांदा कोणी आलं नाही.

आम्ही आत गेलो तेव्हा त्या खुर्चीवर दुसरी मुलगी सही करत होती. तिच्यामागे तिचे वडील उभे होते, खाकी पँट, पायात स्लिपर. एसटीतले असावेत. त्यांनी निधी दिला की नाही मला माहीत नाही. मला बघून ते थोडे बाजूला सरकले, जणू माझी जागा अडवली होती.

"मी मुलीला पाठवलं होतं ना बाहेर?" चष्मेवाले म्हणाले. रागाने नाही, कंटाळून.

त्यानंतर मी जे केलं ते आठवायला नको वाटतं. टेबलावर हात आपटला. तुम्ही दरोडेखोर आहात म्हटलं, माझ्या मुलीची जागा विकली म्हटलं. शिपायाने मला धरलं तर त्याच्याही अंगावर गेले. सगळा हॉल गोळा झाला. त्या गोंधळात फाइल माझ्या हातून सुटली आणि कागद पसरले. मुलगी खाली बसून एकेक कागद उचलत होती आणि क्रमाने लावत होती. दहावी, बारावी, दाखला, सीईटी. त्या क्रमाची आता कोणाला गरज नव्हती.

आम्ही परतीची बस धरली. बेलापूर गेल्यावर ती म्हणाली, "आपल्याकडे तेवढे पैसे नव्हते का, आई?"

"होते."

"घरी?"

"पर्समध्ये."

"निधीचेपण?"

मी मान डोलावली. ती भांडली असती तर मीही भांडले असते, आणि मला भांडण जमतं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. घणसोलीला उतरेपर्यंत मला तिचा फक्त एक कान दिसत होता.

तेव्हा बाकी सगळे प्रवेश संपत आले होते. वाशीच्या एका कॉलेजात बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला जागा मिळाली, ती घेतली. मी तिला म्हटलं, हे एक वर्ष असंच, पुढच्या वर्षी परत परीक्षा देऊ. आणि मी सरकारकडे तक्रार केली. पावतीशिवाय पैसे मागणं बेकायदेशीर आहे, हे मला त्या हॉलमध्येही माहीत होतं. मी अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, दोनदा मंत्रालयाच्या बाजूला जाऊन आले. धंदा सोडून जायचे. या काळात मला कोणी विचारलं की मुलगी कशी आहे, तर मी त्या कॉलेजबद्दल बोलायला लागायचे.

पुढच्या वर्षी तिने परत सीईटी दिली. मार्क आधीपेक्षा बरे पडले. पसंतीक्रमाचा फॉर्म भरायला ती मोबाइल घेऊन बसली, मी शेजारी बसले. तिने ते कॉलेज तिसऱ्या नंबरवर टाकलेलं दिसलं.

"ते काढ."

"आई, सरकारी राउंडला निधी वगैरे नसतो. सरळ यादीतून लागतं."

"जिथे तुझ्या आईला शिपायाने धरलं तिथे तू शिकणार? माझी तक्रार चालू आहे तिथे. उद्या ते म्हणतील, बाईने मुलीला तर आमच्याकडेच घातलं."

"रोज घरून जाता येईल असं तेवढंच आहे."

"काढ म्हणते ना."

तिने काढलं. त्या आठवड्यात सिस्टर गाळ्यावर आल्या. चहा घेऊन झाल्यावर म्हणाल्या, "ताई, भांडण तुमचं आहे. सीट तिची आहे. दोन्ही एका पिशवीत घालू नका. अजून फॉर्म बदलता येतो."

मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही शिकलेल्या आहात, मान्य. पण हा आमच्या घरचा प्रश्न आहे."

त्यांनी कप मोरीत नेऊन स्वतः विसळला आणि निघून गेल्या. पुन्हा गाळ्यावर आल्या नाहीत. याद्या लागल्यावर फोन मात्र केला. मुलीपेक्षा कमी मार्कांच्या मुली त्या कॉलेजात लागल्या होत्या, छापील फीमध्ये. "तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मुलगी मला हे कधीच बोलली नाही. तिला दुसरं काही लागलं होतं ते लांब विदर्भात. ती म्हणाली, आता नको, मायक्रोचं दुसरं वर्ष करते. मी आग्रह केला नाही. एकटी पोर तेवढ्या लांब पाठवायला माझं मन धजत नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

नेरूळ स्टेशनबाहेर नर्सिंगच्या मुली युनिफॉर्ममध्ये दिसतात. त्यांच्याकडे बघून मी नकळत मोजते की आपली असती तर आता कितव्या वर्षाला असती. ही सवय अजून सुटलेली नाही.

पुढे माझ्या तक्रारीचा निकाल लागला. पत्र आलं. कॉलेजने घेतलेला निधी नियमबाह्य आहे, यापुढे घेऊ नये, अशी त्यांना समज दिली होती. मी ते पत्र तीनदा वाचलं. तुर्भ्याच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलं, पाव किलो काजूकतली घेतली आणि घरी आले. मुलगी कपडे इस्त्री करत होती. पत्र तिच्या हातात दिलं.

तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि सगळं पत्र नीट वाचलं. मागची बाजूही बघितली. ती कोरी होती.

"म्हणजे तू बरोबर होतीस," ती म्हणाली.

"होतेच मी."

"हो." मग पत्रावर बोट फिरवत तिने विचारलं, "यात माझं नाव कुठे आहे?"

मी बघितलं. अर्जदार म्हणून माझं नाव होतं. कॉलेजचं होतं. कलमांचे नंबर होते. तिचं नाव कुठेच नव्हतं. दोन वर्षं मी इतके कागद लिहिले, त्यांत प्रत्येक ठिकाणी 'माझी मुलगी' असं लिहिलं होतं, आणि साहेबांनी तेही गाळलं होतं.

मी म्हटलं, "या वर्षी परत बस परीक्षेला. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. तुला काय हवंय ते फक्त सांग."

"ते मी तुला आता सांगणार नाही, आई. सांगितलं की तू त्याचा भाव करतेस."

आवाज चढवला नाही. इस्त्री परत उचलली आणि बाही सरळ केली. मी माझ्या रागाची वाट बघत उभी राहिले. तो नेहमी माझ्या आधी पोचलेला असतो. त्या दिवशी आला नाही.

यंदा तिची बीएस्सी संपली. शेवटच्या परीक्षेनंतर ती दर दोन दिवसांनी बाहेर जायची. विचारलं तर म्हणायची, काम आहे. सिस्टरकडे जाते हे मला नंतर कळलं, त्यांच्याकडे जाणं तिने कधी थांबवलंच नव्हतं. मग एका रविवारी दुपारी जेवताना तिने सांगितलं. पब्लिक हेल्थला प्रवेश मिळाला आहे, एमपीएचला, दक्षिणेत, चेन्नईच्याही खाली. मायक्रोवाल्यांना घेतात. पहिल्या वर्षापासून खेड्यांत जावं लागतं. पुढच्या शुक्रवारी निघते.

"नर्सिंगशिवायच?" मी विचारलं.

"नर्सिंगशिवाय. तिथल्या नर्सांकडून जेवढं शिकता येईल तेवढं शिकेन. फी भरून झालीये. बँकेचं कर्ज काढलं, बाबा येऊन सही करून गेले."

"बाबा? इथे आले होते?"

"वाशीला. सकाळी आले, दुपारच्या गाडीने गेले."

पाठ दुखते म्हणून जो माणूस गावातल्या गावात देवळापर्यंत जात नाही, तो सहा-सात तास बसून आला, मुलीसाठी सही केली, आणि माझ्या दारावरून परत गेला. घरी का आला नाही हे मी विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

माझ्या मनात तेव्हा खूप काही होतं. मला तिला म्हणायचं होतं की चांगलं केलंस. मला विचारायचं होतं की तिकडे भाकरी मिळेल का, कुणी ओळखीचं आहे का. त्या रसाच्या गाडीबद्दलही मला काही सांगायचं होतं, जे आजवर तिला सांगितलेलं नाही. हे सगळं माझ्या मनात खरोखर होतं. आणि तोंडातून आलं ते असं:

"फी किती घेतली त्यांनी?"

तिने माझ्याकडे बघितलं. चिडली नाही. ताटात अर्धी भाकरी उरली होती ती तिने दुमडून खाल्ली, ताट उचललं आणि मोरीत जाऊन घासायला बसली. मी तिथेच बसून नळाचा आवाज ऐकत होते.

तिला जाऊन दोन महिने झाले. रविवारी फोन येतो. मी तब्येत विचारते, जेवण विचारते, पाऊस आहे का विचारते. ती सगळ्याची उत्तरं देते. बाळंतिणींच्या नोंदी घ्यायला पाच-सहा किलोमीटर चालत जाते, असं एकदा म्हणाली. फीचा आकडा मला अजून माहीत नाही. नवऱ्याला माहीत असणार, त्याने सही केली आहे. त्याचाही फोन असतो अधूनमधून. मी त्याला विचारलेलं नाही.